केशरचनांचे फोटो ही संस्कृतीची नोंद होऊ शकते का, की ती नुसती फॅशन फोटोग्राफी?

गावाकडच्या आज्यांचे खोपे-अंबाडे टिपायचा तुमचा विचार आहे आणि त्याला काही अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. नक्कीच आहे. हौसेने फोटो काढणारा माणूस म्हणून सांगतो, आधी नायजेरियाचे फोटोग्राफर जे. डी. ओखाई ओजेइकेरे (१९३०-२०१४) यांचं काम बघा.

१९६८ पासून त्यांनी बायकांच्या केशरचना टिपायला घेतल्या आणि पुढे कित्येक वर्षं ते काम सोडलं नाही. रस्त्यात, ऑफिसात, समारंभात, जिथे दिसतील तिथे. असे हजारभर फोटो जमले. देश स्वतंत्र होऊन आठच वर्षं झाली होती. इंग्रजी अमदानीत विग आणि सरळ केलेले केस रुळले होते. आता दोऱ्याने बांधलेल्या, गुंफलेल्या रचना शहरात पुन्हा दिमाखाने मिरवल्या जात होत्या. पण केस आज बांधले की काही दिवसांनी सोडायचेच. फोटो नसता तर त्यातलं काय उरलं असतं?

त्यांनी कॅमेरा कुठे धरला, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बहुतेक फोटो कृष्णधवल, पाठमोरे किंवा बाजूने घेतलेले, आणि मागे काहीही नाही. ‘ओनिले गोगोरो’, म्हणजे उंच घर, या रचनेचे फोटो बघा. केसांचे भाग पाडून प्रत्येक बट मुळापासून काळ्या दोऱ्याने गुंडाळलेली असते, त्यामुळे ती तारेसारखी ताठ उभी राहते. मग या बटा वाकवून वर एकत्र आणलेल्या. मधल्या भांगांच्या रेषा इतक्या स्वच्छ, की बांधणारीचा हात किती सराईत असेल ते कळतं. चेहरा दिसत नाही म्हणून नजर त्या कामावरच खिळते. नायजेरियातल्या लागोस शहरात एको ब्रिज हा पूल झाला, तेव्हा त्याच्या नावाचीही केशरचना निघाली. एवढी ती कला आपल्या काळाशी जोडलेली होती.

पुढे २००० साली पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशन या कलासंस्थेत हे फोटो लागले, २०१३ मध्ये व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात. मला मात्र एक गोष्ट खटकते. फोटोंना नावं आहेत ती केशरचनांची. केस बांधणारी कोण होती, हे त्यात येत नाही. तुम्ही ते जरूर लिहून ठेवा: खोपा कुणी घातला, ती कुणाकडून शिकली, रोजचा की सणावारापुरता, केसांचे आकडे कुठले, गंगावन वापरलंय का. शक्य झालं तर घालतानाचे हातही टिपा. आणि फोटोंची एक प्रत त्या आजींच्या घरी पोचवा, हे मला अगत्याचं वाटतं.

एक विनंती. या मालिकेत जट घेऊ नका. जट कुणी हौसेने बांधत नाही. केस गुंततात, देवीचा कोप होईल या भीतीने ते कापले जात नाहीत, आणि ती बाई वर्षानुवर्षं मानेचं दुखणं काढते. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघरी समजूत घालून जटा सोडवतात. अशी कुणी बाई भेटली तर कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि तिची गाठ त्यांच्याशी घालून द्या.