दहा-बारा फुटी ओढ्यात बास आणि सनफिश मिळतील का?

तुमचा ओढा जेमतेम दहा-बारा फूट रुंद, बऱ्याच ठिकाणी पाणी घोट्याएवढं, तिथे बास आणि सनफिश या उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या माशांसाठी गळ टाकण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. मात्र रुंदीवरून ओढ्याची पारख करू नका. उन्हाळा संपत आला, पाणी अगदी आटलं की काठाकाठाने चालत जा आणि डोह शोधा. तेव्हाही कमरेएवढं पाणी धरून असलेला डोह दिसला, तर मासे असण्याची शक्यता चांगली. त्यातून ओढा पुढे नदीला किंवा तळ्याला मिळत असेल, तर आणखीच चांगलं.

मी अशाच एका ओढ्यावर कित्येक उन्हाळे काढले आहेत. तिथला सगळ्यात खोल डोह रस्त्याखालच्या पाइपाच्या तोंडाशी आहे. पडणाऱ्या पाण्याने तळ खणून निघालाय. पहिल्या वर्षी मी सरळ काठावर जाऊन उभा राहायचो. एक काळी रेघ सर्रकन झाडाच्या मुळांखाली जायची आणि मग तासभर काही नाही. मासे प्रवाहाकडे तोंड करून असतात, म्हणून आता खालच्या अंगाने, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता जातो.

बासच्या दोन जाती: तळाशी दगडगोटे आणि स्वच्छ वाहतं पाणी असेल तर स्मॉलमाउथ बास, संथ आणि गाळाचं असेल तर लार्जमाउथ. ग्रीन सनफिश गढूळ, आटलेल्या पाण्यातही तग धरतो. ब्लूगिल या दुसऱ्या सनफिशचं तोंड फार लहान. 8 किंवा 10 नंबरचा गळ, अर्धं गांडूळ आणि चार पौंडांचा ताण सोसणारा तंगूस (गळाचा दोर) पुरे. गांडूळ तो पटकन गिळतो, त्यामुळे दोर हलला की लगेच उचला. बाससाठी क्रेफिशच्या (गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या प्राण्याच्या) तपकिरी रंगाचा छोटा जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेलं नकली आमिष, तळाला घासत आणा. वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची.

मोठ्या माशाची अपेक्षा ठेवू नका. अशा ओढ्यात फूटभर लांबीचा बास पाच वर्षांचा सहज असू शकतो. असे मासे डोहात मोजकेच असतात, दोन-तीन घरी नेले तरी डोह ओस पडतो. म्हणून गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, हात ओले करून मासा धरा आणि सोडून द्या. परवाना आणि हंगामाचे नियम आधी पाहून घ्या.

वसंतात पाणी 15 ते 18 अंश सेल्सिअसला आलं की स्मॉलमाउथचा नर शेपटीने गोटे झाडून परातीएवढी जागा लख्ख करतो आणि अंड्यांवर पहारा देत थांबतो. तेव्हा तो जवळ येईल त्यावर झडप घालतो, गळाला सहज लागतो. पण तो क्षणभर बाजूला झाला तरी टपून बसलेले सनफिश अंड्यांवर तुटून पडतात. तसा लख्ख गोल दिसला की मी दोर गुंडाळतो आणि पुढचा डोह गाठतो.