चीनमधल्या चेंगदू शहरात एकच दिवस मोकळा असेल, तर प्राचीन चिनी मुखवट्यांसाठी सानशिंगदुईला जावे का?

हो, जाच, अर्धा दिवस धरा आणि त्यातला बराच वेळ कांस्य मुखवट्यांसाठी राखून ठेवा. चेंगदूहून ग्वांगहान हे गाव वेगवान रेल्वेने साधारण वीस मिनिटांवर आहे, तिथून टॅक्सीने सानशिंगदुई या प्राचीन स्थळाचे संग्रहालय गाठता येते. १९८६ मध्ये इथल्या दोन खड्ड्यांत तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तू सापडल्या, त्याही मुद्दाम फोडून, जाळून पुरलेल्या. डोळ्यांची बुबुळे नळीसारखी पुढे आलेला १३८ सेंटिमीटर रुंद मुखवटा फोटोत पाहिला असेल, पण समोर उभे राहिल्यावर अक्षरशः शब्द फुटत नाही. त्याच्या कडांची चौकोनी भोके नक्की पाहा: हे मुखवटे चेहऱ्यावर चढवायचे नव्हते, खांबाला किंवा तशाच कशाला तरी ठोकत असावेत. का, ते कळायला मार्ग नाही, कारण हे मुखवटे घडवणाऱ्या लोकांचा वाचता येईल असा लेख मिळालेला नाही. जवळजवळ चार मीटर उंचीचा कांस्य वृक्ष चुकवू नका. २०२३ पासून संग्रहालयाची नवी, मोठी इमारत आहे. आगाऊ बुकिंग करा आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

मात्र तुम्हाला लोकनाट्यातले रंगीत लाकडी मुखवटे हवे असतील, तर ते इथे नाहीत. त्यासाठी ग्वेइचौ प्रांतातले आनशुन गाठा. तिथल्या 'दीशी' खेळात नट मुखवटा कपाळावर बांधतात आणि स्वतःचा चेहरा काळ्या जाळीदार कापडाने झाकतात.