सॉफ्टवेअर कंपनीने पगारी वकील नेमावा का? करार तर बाहेरची फर्मही तपासून देते

आपण विचारले आहे की हिंजवडीतील आपली सॉफ्टवेअर उत्पादने बनवणारी कंपनी आता वाढली असून संचालकांना पहिला पूर्णवेळ वकील नेमायचा आहे. पण करार तपासायला बाहेरची फर्म असताना या वकिलाने नेमके करायचे काय? मी पुण्यातीलच एका सॉफ्टवेअर कंपनीचा विधी विभाग सांभाळते, तेव्हा माझे मत थोडे घरच्या बाजूने झुकलेले असणार हे गृहीत धरूनच पुढे वाचावे.

केवळ करार तपासून घ्यायचे असतील तर पगारी वकील नेमू नये. ते काम बाहेरून स्वस्तात होते. कंपनीचा निर्णय आकार घेत असताना, म्हणजे त्याचा कागद व्हायच्या आधी, तिथे हजर असणे हे अंतर्गत वकिलाचे खरे काम आहे. बाहेरच्या फर्मला आपण पाठवलेला मसुदा दिसतो; जी गोष्ट कोणी मसुद्यात आणलीच नाही, ती तिला दिसण्याचा मार्ग नसतो.

कोडच्या मालकीचेच पाहा. पगारी अभियंत्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक, विरुद्ध करार नसल्यास, कंपनीच असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमात तशी तरतूद आहे. कोथरूडमध्ये घरी बसून एखाद्या फ्रीलान्सरने लिहून दिलेला कोड मात्र त्याला पैसे चुकते केले म्हणून आपला होत नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरण लागते, आणि त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर १९ व्या कलमानुसार ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरताच मिळाल्याचे मानले जाते. ज्या कंपनीचे बहुतेक ग्राहक अमेरिकेत आहेत तिच्यासाठी याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. ही उणीव एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. ती वर येते गुंतवणूकदाराचे वकील ड्यू डिलिजन्सला, म्हणजे पैसे गुंतवण्यापूर्वीच्या कागदपत्रांच्या तपासणीला, बसतात तेव्हा. तोवर तो फ्रीलान्सर देशाबाहेर गेलेला असू शकतो, आणि आपल्या एका सहीवर किती कोटींचा व्यवहार अडला आहे याची त्याला पूर्ण कल्पना असते. काम देतानाच दोन ओळी घातल्या असत्या तर हा प्रसंग आलाच नसता. पण काम देतो अभियांत्रिकी विभाग, आणि ‘लीगलला मध्ये घातले की आठवडा जातो’ ही तिथली समजूत असते. ती अगदीच निराधार नाही, हेही मान्य करायला हवे.

डेटाच्या बाबतीत हे आणखी निकडीचे आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणांचे लॉग, म्हणजे त्यांवरील हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. युरोपातील नागरिकांचा डेटा हाताळत असाल तर तिथल्या नियामकासाठी ७२ तासांची वेगळी मुदत असते, आणि मोठ्या ग्राहकाने करारात स्वतःची तिसरीच मुदत घातलेली असते. शनिवारी रात्री अकरा वाजता सर्व्हरवर काही संशयास्पद दिसले, तर ही ‘घटना’ आहे की नाही हे कोणी ठरवायचे आणि कोणी कोणाला उठवायचे, याचा कागद आधीच तयार असावा लागतो. त्यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. मुख्य कर्तव्यांसाठी १८ महिन्यांची सवलत आहे, पण पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. संमती कशी घ्यायची आणि डेटा केव्हा पुसायचा, हे उत्पादनाच्या आराखड्यातच ठरते. नंतर ते बसवायचे तर अभियंत्यांना अर्धे काम पुन्हा करावे लागते.

ट्रेडमार्क, भाडेकरार, नियमपालन ही नेहमीची कामेही येतीलच, पण त्यांसाठी नेमणूक करू नका. नोकरी सोडणाऱ्याला स्पर्धक कंपनीत जाण्यास बंदी घालण्याचा आग्रह मात्र व्यवस्थापनाकडून हमखास होईल. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमामुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडे टिकत नाही. हे स्पष्ट सांगून गोपनीय माहितीवरची पकड घट्ट करायला लावणारा वकील मला अधिक उपयोगी वाटतो.

या नेमणुकीची एक किंमतही आहे. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या ४९ व्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्याला वकिली थांबवावी लागते, त्यामुळे आपला वकील शिवाजीनगरच्या न्यायालयात आपल्यासाठी उभा राहू शकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात, भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ व्या कलमाखालील वकील-अशील गोपनीयता पगारी वकिलाला लागू होत नाही, असेही स्पष्ट केले आहे. म्हणून संवेदनशील चौकशी असेल तर ती बाहेरच्या वकिलामार्फत करावी, आणि अंतर्गत वकिलाला ईमेल लिहिताना तो उद्या न्यायालयासमोर वाचला जाऊ शकतो असे समजून लिहावा.

या वकिलाला विक्रीप्रमुखाच्या हाताखाली ठेवू नका. तिमाहीच्या शेवटच्या दिवशी अमर्याद नुकसानभरपाईचे कलम स्वीकारून ऑर्डर घ्यायची की नाही, या प्रश्नावर त्याला विक्रीप्रमुखाच्या विरुद्ध बोलता आले पाहिजे. त्याने थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यालाच जबाबदार असावे. मुलाखतीत कायद्याची कलमे विचारण्यापेक्षा आपल्या उत्पादनाचा डेमो दाखवा आणि उमेदवार काय विचारतो ते ऐका. हा कोड कोणी लिहिला, यातल्या ओपन सोर्स लायब्ररींचे (इतरांनी खुल्या परवान्याने दिलेल्या तयार कोडचे) परवाने कोणते, ग्राहकाचा डेटा कोणत्या देशात साठतो, असे प्रश्न त्याने आपणहून विचारले तर पुढची बोलणी पगाराची करायला हरकत नाही.