हातावरच्या निळ्या शिरा

प्रश्न : माझं वय ५८. हातांवर निळ्या शिरा उठून दिसतात. शेजारीण म्हणते, रक्त कमी झालंय. खरं का?

उत्तर : नाही ताई, शिरा दिसण्यावरून रक्त कमी आहे असं ठरत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिन तपासावं लागतं. वयानुसार कातडी पातळ होते, तिच्याखालची चरबी झडते आणि शिरा वर दिसू लागतात. माझ्या आईच्या हातांवर चुलीपुढे भाकऱ्या थापताना त्या दोरीसारख्या फुगायच्या, कारण उष्णतेने शिरा रुंदावतात. आतलं रक्त मात्र निळं नसतं, गडद लालच असतं. प्रकाश कातडीतून परततो तेव्हा तसा भास होतो.

आत्ता हात डोक्याच्या वर धरून पाहा. शिरा बसतात ना? मग काळजी सोडा.

पायांचं मात्र मनावर घ्या. तिथल्या शिरांमधल्या झडपा सैल झाल्या की रक्त खाली साचतं, गाठीगाठीच्या वेड्यावाकड्या शिरा होतात, संध्याकाळी पाय जड पडतात. तसं असेल तर दाखवून घ्या. आणि एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ती चोळू नका, तेल लावूनसुद्धा नको.