चेंबर रनला चाललायस, तर दम किती टिकेल हा विचार सोड

आधी अभिनंदन रे! बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनला चेंबरसाठी (हवा काढून उंचीवरचा कमी दाब तयार करतात ती बंद खोली) जातोयस म्हणजे गाडी रुळावर आहे. तू विचारलंयस की मी पोहणारा, दोन मिनिटं श्वास रोखतो, तर २५,००० फुटांवर ऑक्सिजनचा मास्क काढल्यावर बाकीच्यांपेक्षा जास्त टिकेन ना. मी एअरफोर्सच्या मेडिकल साइडला होतो, चेंबरच्या आत ऑब्झर्व्हर म्हणून बरेच रन केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाही टिकणार, आणि तिथे टिकून दाखवायचंच नसतं. पाण्याखाली जीव कासावीस होतो तो कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. चेंबरमध्ये तुझा श्वास चालूच असतो, तो वायू बाहेर पडत राहतो, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटतच नाही, आणि सगळा घात तिथेच आहे. हवेत ऑक्सिजन खालच्याइतकाच म्हणजे २१ टक्के असतो, पण २५,००० फुटांवर एकूण दाबच जेमतेम ३७ टक्के उरतो, मग तो रक्तात शिरणार कसा. त्याच्याही बरंच वर गेलं की रक्तातलाच ऑक्सिजन उलटा फुफ्फुसात यायला लागतो. म्हणून डोकं ठिकाणावर राहण्याचा वेळ २५,००० ला ३ ते ५ मिनिटं, ३०,००० ला एक-दोन मिनिटं, आणि ४३,००० ला फक्त ९ ते १२ सेकंद. आणि हो, दाब कमी होत असताना श्वास चुकूनही रोखू नकोस, आतली हवा फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं.

एक पोरगा आठवतो, तुझ्यासारखाच तगडा. मास्क काढून १०० मधून ७-७ वजा करत लिहायचं होतं. ९३, ८६, ७९ छान, मग अक्षर मोठं व्हायला लागलं, ओळ खाली घसरली, आणि ७२ च तीन वेळा लिहिला. नखं निळसर, चेहऱ्यावर मस्त हसू. मास्क लाव म्हटलं तर मान डोलावली आणि लिहितच राहिला. शेवटी मीच लावला, काही सेकंदांत चेहऱ्यावर रंग आला, आणि तो म्हणतो माझं सगळं बरोबर होतं, का थांबवलं? कागद समोर धरला तेव्हा गप्प झाला.

हेच शिकायला जायचं. कुणाच्या बोटांना मुंग्या येतात, कुणाला गरम वाफ आल्यासारखं होतं, कुणाला उगाच हसू येतं, कुणाला रंग फिके दिसतात. तुझं पहिलं लक्षण कुठलं ते पाठ करून ये, पुढच्या वेळीही साधारण तेच येतं. वेळेवर ओळखलं नाही तर काय होतं ते बघ: २००५ मध्ये हेलिऑस या विमान कंपनीचं सायप्रसहून अथेन्सला निघालेलं विमान पडलं, १२१ माणसं गेली. केबिनमध्ये दाब चढत नव्हता आणि पायलटना वाजणारा हॉर्न कशाचा तेच उमगलं नाही, ऑक्सिजन कमी पडून शुद्धच गेली.

स्पेसचं विचारलंस तर ६३,००० फुटांच्या वर नुसता मास्क कामाचा नाही, अंगाभोवती दाब टिकवणारा प्रेशर सूटच लागतो, कारण तिथे पाणी शरीराच्या तापमानालाच उकळतं. १९६६ मध्ये ह्यूस्टनला नासाच्या निर्वात चेंबरमध्ये जिम लेब्लांक यांच्या सूटची नळी निसटली, साधारण १४ सेकंदांत शुद्ध गेली, शेवटचं आठवलं ते जिभेवरची लाळ बुडबुडताना. लगेच दाब परत दिला म्हणून वाचले.

आता तयारी. आदल्या दिवशी राजमा, वाल, कोबी, सोडा बंद, पोटातला गॅस वर गेल्यावर अडीच-तीन पट होतो आणि जाम दुखतं. आधी अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन देतात रक्तातला नायट्रोजन काढायला, तेव्हा नाक खाजवायलाही मास्क उचलू नकोस. रात्री गुडघा किंवा खांदा दुखला तर तो उरलेल्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा त्रास असू शकतो, बाम चोळून झोपू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा. कान वर जाताना त्रास देत नाहीत, खाली उतरताना देतात, म्हणून दुखायची वाट न बघता नाक दाबून फुंकत राहा, कान मोकळे होत नसतील तर हात वर कर, ते परत थोडं वर नेतात. आणि सर्दी असेल तर आधीच सांगून टाक, रन पुढे ढकलला जातो इतकंच, कानाचा पडदा गेला तर फ्लाइंगच थांबतं रे.