बेलापूरला जाताना मोजमापाची टेप सोबत ठेव

सप्रेम आशीर्वाद.

वास्तुरचनेत घरे, संग्रहालये, नगररचना आणि वस्तीतले काम या सगळ्यांची ओढ वाटते, पण ‘आधी एक काय ते ठरव’ असेच प्रत्येक जण सांगतो, असे तू लिहिले आहेस. ठरवण्याची घाई करू नकोस, असे माझे मत आहे. मात्र निरनिराळ्या कामांतून आपण कोणता प्रश्न सोडवत आहोत, हे स्वतःला विचारत जा.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहा. साबरमतीच्या गांधी स्मारक संग्रहालयाचे काम त्यांनी हाती घेतले, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. 1963 साली पूर्ण झालेली ती इमारत 6 मीटर बाजूच्या चौरस खणांची आहे. काही खण बंद, काही उघडे, मध्ये पाण्याचा चौक, आणि संग्रह वाढला तर पुढे खण जोडत जाण्याची सोय. वीसेक वर्षांनी नवी मुंबईतील बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत त्यांनी सात-सात घरे एकेका चौकाभोवती मांडली आणि दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, कारण शेजाऱ्याला धक्का न लावता प्रत्येक कुटुंबाला ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावे, ही त्यामागची दृष्टी होती. एक संग्रहालय, दुसरी वसाहत, प्रश्न तोच: पुढच्या वाढीला जागा कशी ठेवायची?

बेलापूरला एकदा टेप आणि वही घेऊन जा. अनेक मूळ घरांच्या जागी आज काँक्रीटची बहुमजली घरे उभी आहेत. त्याबद्दल हळहळणारे वास्तुविशारद मला भेटतात, पण मला ती हळहळ पटत नाही. रहिवाशांनी काय जोडले आणि चौकाचे काय राखले, हे मोजून काढलेस तर पुस्तकांपेक्षा अधिक शिकशील.

आता सामाजिक कामाविषयी. ते व्यवसायात स्थिरावल्यावर सवडीने करायचे, ही समजूत सोडून दे. 1964 साली मुंबईच्या विकास आराखड्याचा, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या योजनेचा, मसुदा नागरिकांच्या सूचनांसाठी खुला झाला, तेव्हा वास्तुविशारद प्रवीणा मेहता, अभियंता शिरीष पटेल आणि कोरिया यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. पुढे 1970 मध्ये ते शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. नव्या मुंबईच्या मुळाशी नागरिकांची सूचना आहे, हे आम्हाला महाविद्यालयात कुणी सांगितले नव्हते.

माझ्या गल्लीतील मैदानाचे आरक्षण, म्हणजे त्यासाठी राखलेली जागा, विकास आराखड्याच्या एका मसुद्यात आक्रसले होते. त्या नकाशातल्या रंगांचा अर्थ शेजाऱ्यांपैकी कुणालाच लागत नव्हता आणि मला लागत असूनही मी कामाच्या गडबडीत सूचना देण्याची मुदत उलटू दिली. ती खंत आजही आहे.

तुझ्या प्रभागाच्या विकास आराखड्याचा नकाशा मिळव, तुझ्या इमारतीपासून दहा मिनिटांच्या अंतरातील प्रत्येक आरक्षण प्रत्यक्ष पाहून ये, आणि पुढच्या भेटीत तो नकाशा खुणा करून घेऊन ये. आपण तो एकत्र वाचू.

तुझा हितचिंतक