‘रिटायरमेंट अॅडव्हायझर’ची नोकरी लेकीने घ्यावी का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बी.कॉम. झाली, दोन वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका पीएफ कन्सल्टंटकडे १८,००० वर काम करते. आता एका कंपनीने तिला ‘रिटायरमेंट अॅडव्हायझर’ म्हणून बोलावलंय, ३०,००० पगार आणि वर इन्सेंटिव्ह. मामा म्हणतात, लगेच हो म्हण. तुम्हाला वाटतं बँकेच्या परीक्षा द्याव्यात. लेक म्हणते, मला लोकांच्या फंडाची कामं सोडवायला आवडतं, त्यातच पुढे जायचंय. यात करिअर आहे का, मुलीच्या जातीला कारखान्यांतून फिरणं झेपेल का आणि शिकावं काय, असं तुम्ही विचारलंय.

आधी त्या ३०,००० चं बोलू. जाहिरातीचा फोटो तुम्ही पाठवलात ते बरं केलंत. त्यात ‘टार्गेट’ हा शब्द चार वेळा आलाय आणि ‘पीएफ’ एकदाही नाही. ही विमा आणि पेन्शन पॉलिसी विकायची नोकरी आहे. विकणं वाईट नाही, पॉलिसी विकून प्रामाणिकपणे संसार उभे केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पण तिथे पगार पॉलिसीतून निघतो. समोरच्या बाईला पॉलिसी नकोच आहे, तिचा अडकलेला पीएफ तेवढा सोडवून हवाय, तर तिच्यापाशी घालवलेला तास ऑफिसच्या हिशेबात वाया गेला. आणि तुमच्या लेकीला तर नेमका तो तास आवडतो.

शिवाय व्हिजिटिंग कार्डावर पद काहीही छापता येतं. एनपीएसबद्दल, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेबद्दल, सल्ला देणाऱ्या रिटायरमेंट अॅडव्हायझरची पीएफआरडीएकडे, म्हणजे पेन्शनवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी होते, त्याचे नियम २०१६ चे आहेत. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदणी लागते, ते नियम २०१३ चे. विमा विकण्याचा परवाना या दोन्हींपेक्षा वेगळा. मुलाखतीला गेलीच तर तिने सरळ विचारावं, की माझी नोंदणी यातली कुठली करणार, महिन्याला किती पॉलिसी करायच्या आणि त्या झाल्या नाहीत तर ३०,००० हातात पडणार का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागावं.

आता यात करिअर आहे का. मी एवढ्या ठामपणे हो का म्हणते, ते सांगते.

मी स्वतः १९९७ ते २००६ एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये होते. बाळंतपणानंतर नोकरी सोडली, तेव्हा सर्व्हिस झाली होती ९ वर्षं २ महिने. पीएफसोबत जी पेन्शन असते, तिला १० वर्षं लागतात. सहा महिने किंवा जास्त असले की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे आणखी चार महिने काढले असते तरी माझी दहा धरली गेली असती. तेही राहू दे. नोकरी सोडल्यावरचा दहा-सी फॉर्म भरताना पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं आणि मग ती वर्षं पुढच्या नोकरीला जोडली जातात. पुढे मी चार वर्षं दुसरीकडे नोकरी केली, तिथेही पीएफ होता. दोन्ही मिळून तेरा झाली असती. ऑफिसातल्या माणसाने मात्र फॉर्म पुढे सरकवला, बोट ठेवून ‘इथे सही’ म्हणाला, मी केली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मला समजावून सांगणं हे कुणाचंच काम नव्हतं. पेन्शन फार मोठी नसती बसली, सरासरी पगार गुणिले वर्षं भागिले ७० असा तो हिशेब असतो. तरी ५८ पासून दर महिन्याला, शेवटपर्यंत, माझ्या नावावर काहीतरी आलं असतं.

हे माझ्या एकटीचं नाही. पीएफच्या योजनेत कित्येक वर्षं एक खास सवलत होती. नोकरी सुटल्यावर पैसे काढायला बाकीच्यांना दोन महिने थांबावं लागे, लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या मुलीला ते थांबणं माफ होतं. नियम सोयीसाठीच केलेला होता. पण त्यात किती मुलींची सर्व्हिस मांडवातच पुसली गेली असेल! त्यांच्याशेजारी बसून ‘थांब, हा पैसा काढू नकोस’ म्हणणारी बाई हवी होती. अजूनही हवी आहे.

ते काम कसं चालतं, तेही पाहिलंय. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात महिला कामगारांसाठी कार्यक्रम होता, मीही गेले होते. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या टेबलावर एच.आर.मधली एक मुलगी बसली होती, असेल सत्तावीस-अठ्ठावीसची. पॅकिंगमधल्या एका ताईंनी पिशवीतून कागद काढले. पूर्वीच्या ठेकेदाराच्या पगारपावत्या आणि पासबुकाची प्रिंट. त्या मुलीने पावती आणि पासबुक शेजारी ठेवलं, खाली फूटपट्टी धरली आणि एकेक ओळ सरकवत गेली. पावतीवर दर महिन्याला १२ टक्के कापलेले, पासबुकात चार महिने कोरे. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा व्हायला हवा, तो झालाच नव्हता. मग मालकाचे १२ टक्के कुठे जातात ते तिने समजावलं. ८.३३ टक्के पेन्शनला, तेही १५,००० पगाराच्या मर्यादेत, म्हणजे जास्तीत जास्त १,२५०, उरलेले फंडात. ‘म्हणजे माझ्या खात्यात मालकाचे कमी दिसतात ते गेले नाहीत कुठे?’ ताईंनी विचारलं. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं, कुणीतरी खातंय.

नॉमिनीला नाव निघालं वडिलांचं. ते वारले होते. लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर बाद होतं, नवीन करावं लागतं, हे त्या ताईंना पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय आधारवर सासरचं नाव, पीएफला माहेरचं. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं असतं, तर पीएफसोबत जो ७ लाखांपर्यंतचा विमा असतो, त्यासाठी मुलांना किती खेटे घालावे लागले असते! मुलगी म्हणाली, ‘ताई, सगळं एका दिवसात नको. आज नाव दुरुस्तीचा, तुमचा आणि कंपनीचा मिळून जॉइंट डिक्लेरेशन अर्ज भरू. नाव जुळलं की नॉमिनी.’

त्या मुलीला कंपनी पगार देत होती, कुठलीही पॉलिसी तिच्या पगाराला चिकटलेली नव्हती, म्हणून ती ‘आज एवढंच करू’ म्हणू शकली. तुमच्या लेकीने अशी खुर्ची शोधावी असं मला मनापासून वाटतं. मोठ्या कंपन्यांत एच.आर.च्या आत पगार आणि लाभ बघणारी वेगळी टीम असते. पीएफ, ग्रॅच्युइटी, सुपरअॅन्युएशन (कंपनीचा स्वतःचा पेन्शन फंड), कॉर्पोरेट एनपीएस सगळं तिथे येतं. मालकाने एनपीएसमध्ये भरलेल्या रकमेवर नव्या कररचनेत मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते, तरी तो पर्याय न निवडणारे इंजिनीअर मला भेटतात, कारण समोर बसून कुणी आकडा मांडून दाखवलेला नसतो. पीएफ कन्सल्टंटकडे दोन वर्षं चलानं, ईसीआर (दर महिन्याच्या भरण्याचा ऑनलाइन तपशील) आणि रिजेक्ट झालेले क्लेम हाताळलेली मुलगी या टीमला हवीच असते. वागळे इस्टेटपासून महापे-तुर्भ्यापर्यंत तिने अर्ज टाकायला सुरुवात करावी. पगार तिथेही ३०,००० पासून सुरू होईल असं वचन मी देत नाही, पण तिच्या हातात असलेलं काम वाया जाणार नाही.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची रिटायरमेंट अॅडव्हायझरची परीक्षा आहे, सीरीज १७. नोकरी सांभाळून होते, ती या वर्षी द्यावी. संस्थेचं संकुल आपल्या पाताळगंगेला आहे, परीक्षा मात्र केंद्रावर संगणकावर होते. त्यानंतर कामगार कायद्याची पदविका. सीएफपी, म्हणजे आर्थिक नियोजनकाराचं प्रमाणपत्र, चांगलं आहे, पण खर्चिक, ते दोन-तीन वर्षांनी पुढची नोकरी बघून ठरवावं. गणित मनापासून आवडत असेल तर ॲक्च्युअरीच्या, म्हणजे विमा-पेन्शनचं गणित मांडणाऱ्यांच्या, परीक्षा, त्यांच्या संस्थेचं ऑफिस सीवूड्सलाच आहे, मात्र तो रस्ता फार लांबचा. ठाणे-ऐरोलीच्या ऑफिसांतून इंग्लंड-अमेरिकेतल्या पेन्शन योजनांचंही काम चालतं. तिथे इंग्रजी सुधारेल, पगारही बरा असतो, पण ज्याचं पेन्शन तो माणूस समोर नसतो.

सगळं मोबाईलवर आल्यावर हे काम उरेल का, असं भाचा म्हणतो ना? फॉर्म भरण्याचं काम कमी होईल, त्याचं खरं आहे. पण नियम बदलायचे थांबत नाहीत. ग्रॅच्युइटीचंच बघा. १९७२ च्या कायद्यात पाच वर्षं लागायची, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीवर घेतलेल्या कामगाराला एका वर्षावरही ती ठेवली आहे. हे समजून घेऊन दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणं मोबाईलला जमलेलं मी अजून पाहिलं नाही.

राहिलं कारखान्यांतून फिरणं. तुमची काळजी मी समजू शकते. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली-रबाळे-घणसोली, हे रोज हजारो मुली करतात. काळजी घ्यायची ती वेगळ्या गोष्टीची. साइटवर जायचं तर कामाच्या वेळेत, कंपनीच्या गाडीने आणि तिथे कोण भेटणार हे आधी कळवून, असं नोकरी घेतानाच बोलून घ्यावं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. ती आहे का, हेही बिनधास्त विचारावं. आणि एक सांगू? फंडाचं पुस्तक नवऱ्यापासून लपवून ठेवणाऱ्या बायका कारखान्यात खूप असतात. त्या पुरुष अधिकाऱ्यापुढे तोंड उघडत नाहीत. तुमच्या लेकीपुढे उघडतील.

बँकेच्या परीक्षा तिला द्याव्याशा वाटल्या तर जरूर द्याव्यात, पण तुमच्या भीतीपोटी नकोत.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, लग्नाआधी चार वर्षं तुर्भ्याला पॅकिंगला होतात आणि तो फंड काढला की नाही ते आठवत नाही. ताई, माळ्यावरची ट्रंक उघडा. जुनी पगारपावती, हजेरीकार्ड, काहीही मिळालं तर त्यावर पीएफ नंबर असू शकतो. तो लेकीच्या हातात द्या. दर महिन्याच्या २७ तारखेला ईपीएफओचं, म्हणजे पीएफ खात्याचं, ‘निधी आपके निकट’ शिबीर जिल्ह्यात भरतं, तिथे दोघी मिळून जा. काय झालं ते मला कळवा.